आधी कागद, मग ससा

मी कोल्हापूरची. तेजस्विनी सावंतनं २०१० साली म्युनिकमध्ये जागतिक विजेतेपद मिळवलं आणि आमच्या शहरात घरोघरी नेमबाजीच्या गप्पा सुरू झाल्या. २०२४ मध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसहून ऑलिम्पिकचं कांस्यपदक आणलं, तेव्हा मी बर्मिंगहॅममध्ये ऑफिसच्या जेवणाच्या खोलीत उभी राहून रडले. ही दोघं पन्नास मीटरवर लढणारी. माझी मजल दहा मीटरच्या एअर रायफलीपुढं कधी गेली नाही. पण त्या दहा मीटरनं मला जे दिलं, ते इंग्लंडात आल्यावर अगदी अनपेक्षित ठिकाणी कामाला आलं: वेल्सच्या सीमेला लागून असलेल्या श्रॉपशरमधल्या एका मेंढ्यांच्या शेतावर.

आम्ही चौघं जातो. नागपूरची माझी मैत्रीण, तिचा नवरा, मी, आणि आमचा एक वेल्श सहकारी. तो शेतावर वाढलेला, आणि हे शेत त्याच्या मावशीचं. सशांनी तिथं बांध पोखरलेत, कोवळा गहू कडेनं खाल्लाय. सात ते दहा ससे मिळून एका मेंढीइतकं गवत खातात असं तिथले शेतकरी म्हणतात. त्यामुळं शेतकरीणबाईंना आमची मदत हवी असते आणि आम्हाला संध्याकाळ. बंदूक, मैत्री आणि ससा या तिन्हींबद्दल तिथं जे शिकले ते लिहून ठेवते.

१. कागदावर जमलं नाही ते रानात करू नये

दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यात दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. छर्रा स्वतः साडेचार मिलिमीटरचा. म्हणजे ज्याला लागायचं तो ठिपका छर्‍यापेक्षा नऊपट लहान. या शिस्तीतून आलेल्या माणसाला सशाचं डोकं भलंमोठं वाटतं. डोळा आणि कानाचं मूळ यांच्यामधली जागा साधारण इंचभर. तिथं छर्रा बसला तर ससा जागीच संपतो. इंचभर म्हणजे पंचवीस मिलिमीटर, मग अवघड ते काय?

अवघड सगळंच आहे. रेंजवर अंतर ठरलेलं, उजेड ठरलेला, वारा नाही, अंगात ताठ जाकीट, पायात सपाट तळाचे बूट. रानात ओल्या गवतावर पोट टेकून पडायचं, श्वास चढलेला, अंतर डोळ्यानं मोजलेलं. म्हणून आमचा नियम असा: शेतावर गेल्यावर प्रत्येकानं कागदावर पाच छर्रे सोडायचे. ज्या आसनातून शिकार करणार त्याच आसनातून, आणि ज्या अंतरावरून करणार त्याच अंतरावरून. पाचही भोकं एक पौंडाच्या नाण्याखाली झाकली गेली, म्हणजे सुमारे तेवीस मिलिमीटरांत बसली, तर ते अंतर त्या दिवसापुरतं तुमचं. नाही बसली तर पाच यार्ड पुढं सरकून पुन्हा. इथं सगळे यार्डांतच बोलतात. मीटरपेक्षा थोडं कमी.

माझं अंतर बहुतेक वेळा तीस यार्ड असतं. मैत्रिणीचा नवरा मधे बरेच महिने आला नव्हता, तेव्हा त्याचं वीस भरलं. त्या संध्याकाळी पंचवीस यार्डांवर ससा बसला होता आणि यानं बंदूक उचललीही नाही. कुणी त्याला आग्रह केला नाही, कुणी त्यावर बोललंही नाही. या नियमाचं मला सगळ्यात आवडतं ते हेच: प्रत्येक जण आपलं अंतर स्वतः घेऊन येतो आणि त्यावर वाद होत नाही.

२. छर्रा सरळ जात नाही

इंग्लंडमध्ये बिनपरवान्याच्या एअर रायफलची ताकद बारा फूट-पौंडांपर्यंत असते, म्हणजे सुमारे सोळा जूल. (आपल्याकडं ती मर्यादा वीस जूल, आणि नळी साडेचार मिलिमीटरपेक्षा मोठी नको.) एवढ्या ताकदीत साडेचारचा छर्रा सेकंदाला साधारण २४० मीटर वेगानं निघतो आणि निघाल्यापासून खाली पडू लागतो. त्यात स्कोप नळीच्या वर चार-साडेचार सेंटीमीटर बसवलेला. म्हणजे नजर वरून जाते, छर्रा खालून चढत येऊन नजरेची रेघ ओलांडतो, जरा वर राहतो, आणि मग पुन्हा खाली येतो.

माझी रायफल तीस यार्डांवर जुळवलेली आहे. वीसवर ती अर्धा सेंटीमीटर वर मारते, दहावर सेंटीमीटरभर खाली, चाळीसवर तीन सेंटीमीटरांहून जास्त खाली. नवख्याला यातलं दहाचं खरं वाटत नाही. जवळचा ससा सोपा, असंच कुणालाही वाटणार. पण जवळ छर्रा अजून नजरेच्या रेघेपर्यंत चढलेलाच नसतो. म्हणून हे आकडे ज्यानं त्यानं आपल्या कागदावरून काढायचे. माझे मी छोट्या चिठ्ठीवर लिहून कुंद्याला चिकटवलेत. छर्‍याची कंपनी बदलली की चिठ्ठी रद्द. कधी कधी त्याच कंपनीचा नवा डबा उघडला तरी भोकं पसरतात, तेव्हा डबा बदलल्यावर कागदाकडं परत जायचं.

३. वारा असेल तर कागदच

तीस यार्डांवर ताशी सोळा किलोमीटरचा आडवा वारा हा छर्रा पाच-सहा सेंटीमीटर ढकलतो. म्हणजे दोन नाण्यांइतका. सीमेवरच्या टेकड्यांत एवढा वारा नेहमीचाच. गवताचे शेंडे सतत झुकलेले दिसले की त्या दिवशी ससे नाहीत, हे आम्ही गाडीतून उतरतानाच ठरवतो.

४. पहिली बंदूक स्प्रिंगची

हे माझं ठाम मत आहे आणि आमच्यात तिघांना मान्य नाही. हल्ली बहुतेक लोक दाबलेल्या हवेची रायफल घेतात. टाकीत दोनशे बारच्या आसपास हवा भरलेली असते. चाप ओढला की झटका जवळजवळ नाही. स्प्रिंगच्या बंदुकीत मात्र चाप ओढल्यावर आत जड दट्ट्या पुढं धावतो, बंदूक आधी मागं आणि मग पुढं हलते, आणि हे सगळं छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधी घडतं. घट्ट आवळून धरलीत तर ती दर वेळी वेगळी उडी मारते. पुढचा तळहात उघडा ठेवून त्यावर ती नुसती टेकवायची, खांद्याला हलकी लावायची आणि तिला तिची हालचाल करू द्यायची. प्रत्येक वेळी तस्संच.

कोल्हापुरात आमचे सर चाप ओढल्यानंतरही दोन श्वास नेम सोडू देत नसत. त्याचा अर्थ मला स्प्रिंगच्या बंदुकीनं नीट समजावला. छर्रा अजून नळीत असतानाच आपण काय लागलं ते बघायला डोकं उचलतो, आणि तिथंच नेम जातो. दाबलेल्या हवेची बंदूक ही सवय झाकून ठेवते. स्प्रिंगची लगेच कागदावर दाखवते. शिकारीला मात्र मी हवेचीच नेते, कारण तिथं सशाचा प्रश्न असतो.

५. परवानगी लेखी, आणि मागं माती

बंदुकीला परवाना लागत नाही याचा अर्थ कुठंही चालवता येते असा नाही. जमिनीच्या मालकाची परवानगी हवी. आमच्याकडं ती लेखी आहे, सोबत शेताचा नकाशा आणि त्यावर हद्दी. छर्रा हद्दीबाहेर गेला तर तो गुन्हा. रस्त्यानं नेताना बंदूक रिकामी आणि खोळीत. घरात अठराच्या खालची मुलं असतील तर ती त्यांच्या हाती लागणार नाही अशी ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे. स्कॉटलंडची गोष्ट वेगळी: तिथं २०१६ च्या अखेरीपासून एअर रायफल बाळगायलाही पोलिसांचं प्रमाणपत्र लागतं. एडिंबराच्या मित्राकडं जाताना सहज बंदूक गाडीत टाकली, असं चालत नाही.

इंग्लंडात शेतातून सार्वजनिक पायवाटा जातात. आमच्या शेतातही एक आहे, आणि संध्याकाळी लोक कुत्री घेऊन तिथं फिरतात. पायवाटेच्या दिशेनं नळी कधीच नाही, माणूस दिसो वा न दिसो. सशाच्या मागं काय आहे ते सशाच्या आधी बघायचं. मागं मातीचा चढ असेल तर ठीक. दगडी भिंत असेल तर छर्रा उलटा येतो, पाण्यावरूनही उसळतो. टेकडीच्या कडेला, आभाळाच्या पार्श्वभूमीवर बसलेला ससा तर सोडूनच द्यायचा. चुकलेला छर्रा काहीशे मीटर जाऊ शकतो आणि टेकडीपलीकडं कोण आहे ते आपल्याला दिसत नसतं.

आणि हे भारतातल्या वाचकांसाठी सरळ लिहिते: आपल्याकडं सशाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. छर्‍याच्या बंदुकीनं, फासानं, कुत्र्यानं, कशानंही मारला तरी गुन्हा. आमच्या राधानगरीचं दाजीपूर हे संस्थानच्या काळी शिकारीचं रान होतं. १९५८ साली ते गव्यांचं अभयारण्य झालं आणि ते योग्यच झालं. गावी गेल्यावर चुलतभाऊ म्हणतात, ‘‘ताई, चल की माळावर, तुझा नेम बघू.’’ मी त्यांना घराच्या मागं कागद लावून देते. रान रानाच्या जागी राहू दे.

६. ज्याला मारायचं त्याची माहिती हवी

इंग्लंडातला ससा मूळचा तिथला नाही. तो स्पेन-पोर्तुगालकडचा, नॉर्मन लोकांनी मांसासाठी आणि कातड्यासाठी आणून राखलेल्या बिळांत पाळला आणि तिथून तो रानात पसरला. १९५३ साली मिक्सोमॅटोसिस नावाचा विषाणूरोग ब्रिटनमध्ये आला आणि काही वर्षांत बहुतेक सगळे ससे मेले. पुढं ते पुन्हा वाढले. नंतर रक्तस्रावाचा आणखी एक विषाणू आला. तेव्हा ‘ससे काय, भरपूर असतात’ हे प्रत्येक शेताला लागू नाही. आमच्या वरच्या कुरणात एका वर्षी रोगानं इतके कमी झाले की आम्ही तिकडं जायचंच थांबवलं.

त्याच कुरणात मोठे लांब पायांचे ससेही असतात, कानांची टोकं काळी. ते वेगळे प्राणी. ते बिळात राहत नाहीत, गवतात खळगा करून बसतात, आणि त्यांची पिल्लं डोळे उघडे, अंगावर लव असलेली जन्मतात. बिळातल्या सशाची पिल्लं आंधळी आणि उघडी असतात. आपल्या माळावरचा काळ्या मानेचा ससा या लांब पायांच्या कुळातला. आमच्या वेल्श मित्रानं पहिल्याच दिवशी दुर्बीण हातात देऊन सांगितलं, दोघांतला फरक धावताना ओळखता येईपर्यंत बंदूक मागायची नाही. लांब पायांच्या सशांना आम्ही हात लावत नाही. मला त्यांच्याकडं बघताना पन्हाळ्याच्या पायथ्याचा माळ आठवतो, हे वेगळं कारण झालं.

बिळातली मादी महिनाभरात विते आणि वसंत ते उन्हाळा पुन्हा पुन्हा विते. दुरून नर-मादी ओळखता येत नाही. बिळात आंधळी पिल्लं असताना आई मारली तर ती आत उपाशी मरतात. म्हणून मार्च ते जुलै आमचा कागदाचा हंगाम. शेतकरीणबाईंनी गव्हासाठी फारच आग्रह केला तर पाऊण वाढलेली तरुण पिल्लं, आणि तीही एकदोनच. याबाबत तिथल्या सगळ्या शिकाऱ्यांचं आमच्याशी जमत नाही. पीक वाचवायचं तर वसंतातच मारायला हवं, असं ते म्हणतात, आणि शेतकऱ्याच्या बाजूनं ते खोटं नाही. आमचं पोट त्यावर अवलंबून नाही, म्हणून आम्हाला थांबणं परवडतं.

७. चौघांत भरलेली बंदूक एकच

हे आमच्या वेल्श मित्राच्या वडिलांनी घालून दिलेलं. रानात फिरताना चौघांपैकी एकाचीच बंदूक भरलेली. बाकीच्या तिघांकडं दुर्बीण, थर्मास, पिशवी. एक छर्रा सोडला की पाळी पुढच्याकडं, लागो वा न लागो. आणि चौघांपैकी कुणीही ‘नको’ म्हटलं की नेम खाली. कारण विचारायचं नाही. नंतर चहाला विचारायचं.

या नियमानं आमची मैत्री घडली असं मला मनापासून वाटतं. एकटं शिकारीला जाणं मला जमेल, पण आवडणार नाही. वाऱ्याकडं तोंड करून कुंपणाच्या झुडपांखाली पडून राहायचं. मावळतीचं ऊन पाठीशी. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो आणि बंदुका घरी असल्या तरी आम्ही नुसते बघायला जातो. आधी एक ससा बिळाच्या तोंडाशी येतो, बसतो, कान फिरवतो. मग दुसरा. सशाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना. समोरून, मागून, वरून, जवळजवळ सगळीकडचं त्याला दिसतं. मात्र न हलणारी वस्तू तो मनावर घेत नाही. धोका वाटला की मागचा पाय जमिनीवर आपटतो, तो आवाज आपल्यालाही ऐकू येतो, आणि सगळं कुरण क्षणात रिकामं होतं. मग पुन्हा अर्धा तास.

त्या अर्ध्या तासात कुजबुजत जे बोलणं होतं ते आमच्या घरच्या बैठकीत कधी होत नाही. मैत्रिणीनं तिच्या आईच्या आजारपणाबद्दल पहिल्यांदा सांगितलं ते तिथंच, गवतात पालथं पडून, डोळे बिळावर ठेवून.

८. कागदाची मजा कमी समजू नये

आमच्या बहुतेक संध्याकाळी एकही ससा न मारता जातात. कोठाराच्या मागं मातीच्या ढिगासमोर आम्ही दोरीला गोळ्या बांधतो, भोकवाल्या पेपरमिंटच्या. पंचवीस यार्डांवर त्या फुटल्या की पांढरी धूळ उडते. आगकाडीचं टोक पंधरा यार्डांवरून पेटवण्याची आमची स्पर्धा अजून एकीनंच जिंकली आहे, आणि ती नागपूरची आहे.

इंग्लंडात यातूनच एक आख्खा खेळ उभा राहिलाय. रानात वेगवेगळ्या अंतरांवर पत्र्याचे ससे, कावळे, उंदीर उभे करतात. प्रत्येकात एक गोल भोक, पंधरा मिलिमीटरपासून चाळीसपर्यंत. छर्रा भोकातून आतल्या पट्टीला लागला तरच पत्रा पडतो. अंतर कुणी सांगत नाही, आपणच ताडायचं. शिकारीसारख्या प्रकारात तीस लक्ष्यं असतात: पाडलं तर दोन गुण, नुसतं पत्र्याला लागलं तर एक. तो एक गुण मला फार बोलका वाटतो. पत्र्याला लागणं म्हणजे रानात जखमी ससा.

९. लागल्यानंतर

छर्रा सोडल्यावर लगेच उठायचं नाही. दुसरा छर्रा भरायचा, स्कोपमधून बघत राहायचं. नीट लागलेला ससाही काही सेकंद पाय झाडतो. तो गेलेला असतो. तरी जवळ जाऊन काडीनं डोळ्याला स्पर्श करायचा. पापणी हलली तर दुसरा छर्रा ताबडतोब, विचार न करता.

मग पोटाखाली अंगठा दाबत मागं नेऊन लघवी काढून टाकायची, नाहीतर मांसाला वास लागतो. त्यानंतर पोट फाडून आतडी काढायची, आणि काळीज बघायचं. काळीज गुळगुळीत, गडद, एका रंगाचं हवं. पांढरे ठिपके असतील तर ते मांस आम्ही खात नाही. डोळे सुजलेला, चिकट, आंधळ्यासारखा बसलेला ससा म्हणजे मिक्सोमॅटोसिस. तो दिसला तर त्याची सुटका करणं हे कर्तव्य, आणि त्याला पुरायचं. त्याच्या बाबतीत पाळी वगैरे पाळत नाही; ज्याच्याकडं भरलेली बंदूक आहे त्यानं करायचं.

छर्रे शिशाचे असतात. हात धुतल्याशिवाय सँडविचला हात नाही, मुलांच्या गालाला तर नाहीच.

१०. मांस उरता कामा नये

सशाच्या मांसात चरबी जवळजवळ नसते. मटणासारखं भाजायला गेलात तर सुकून चामडं होतं. मी आदल्या रात्री दह्यात, हळदीत, आलं-लसणात मुरवते. सकाळी कांदा खरपूस परतून, सुकं खोबरं आणि तीळ भाजून वाटते, कोल्हापूरहून आलेला कांदा-लसूण मसाला घालते आणि झाकण ठेवून मंद आचेवर शिजवते. कोवळ्या सशाला तास पुरतो. जुन्याला अडीच तासही कमी पडतात. कोवळा ओळखायची खूण: कान हातानं सहज फाटतो आणि नखं अणकुचीदार असतात. तेल मटणापेक्षा जास्त लागतं, कारण मांस स्वतःचं काही सोडत नाही. पुढचे पाय आणि बरगड्या रश्शाला, पाठीचे तुकडे सुक्याला.

मागचे पाय शेतकरीणबाईंचे. त्या ते सफरचंदाच्या दारूत आणि मोहरीत शिजवतात. तांबडा रस्सा त्यांना पहिल्यांदा डोळ्यांत पाणी आणून गेला. आता त्या वाटी घेऊन दारात उभ्या असतात. जेवढे ससे चार घरांत खपतील तेवढेच मारायचे, हा हिशोब सुरुवातीपासून ठरलेला आहे. फ्रीजरमध्ये दोन असले की पुढची खेप कागदाची.

११. सुरुवात करायची असेल तर

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या कुणा मराठी माणसाला यात यावंसं वाटलं, तर आधी बंदूक विकत घेऊ नका, जवळचा क्लब शोधा. बहुतेक क्लबांत नवख्याला उसनी रायफल मिळते, आणि वडीलधारी मंडळी तासन्‌तास शिकवायला तयार असतात. पत्र्याच्या सशांवर एक पूर्ण हिवाळा काढा. तेवढ्यात अंतर ताडता येऊ लागतं, वारा वाचता येतो, स्वतःचं अंतर कळतं. शेत त्यानंतर मिळतं, बहुधा क्लबमधल्याच कुणाच्या ओळखीनं. बाहेरच्या अनोळखी माणसाला शेतकरी बंदूक घेऊन आत येऊ देत नाहीत, आणि देऊ नयेच. स्कोपवर पहिल्या वर्षी पैसे घालू नका. पोटाखाली घ्यायला जाड चटई आणि पाणी आत न शिरणारे बूट मात्र पहिल्याच दिवशी घ्या. गवत तिथं ऑगस्टमध्येही ओलं असतं.